१३२ मुलं गेली कुठं?

पत्र

आमच्या प्रकल्पात किशोरवयीन मुलांची झोप, मोबाइलचा वापर आणि शारीरिक वाढ यांचा अभ्यास चालू आहे. जुलै ते सप्टेंबर २०२३ मध्ये राजेंद्रनगर, सुदामानगर आणि आसपासच्या सहा शाळांमधून आठवीची ४२० मुलं घेतली. २०२९ पर्यंत दरवर्षी एक, अशा सात फेऱ्या करायच्या आहेत. २०२४ च्या दुसऱ्या फेरीला ३७१ आली. तिसऱ्या फेरीचा निधी उशिरा आला, म्हणून ती नोव्हेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ अशी झाली आणि गाडी २८८ वर अडकली. मुलं फोन उचलत नाहीत. आया म्हणतात, ‘कोचिंग आहे.’ दोन शाळांचे मुख्याध्यापक बदलले. काही मुलं इंदूर सोडून गेली. आत्तापर्यंत आम्ही पाण्याची बाटली आणि प्रमाणपत्र देत आलो. आता ५०० रुपये देऊ केले तर मुलं टिकतील का? आणि सोडून गेलेल्यांची नावं यादीतून काढून टाकावीत का?

– एक समन्वयक, इंदूर

उत्तर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो जास्त घाईचा आहे. एकही नाव काढू नका. ‘मला यापुढे बोलावू नका’ असं ज्या मुलानं किंवा पालकांनी स्पष्ट सांगितलं, त्यांचाच संपर्क थांबवायचा. बाकी सगळी यादीत राहतात, मग ती एक फेरी चुकोत की तीन. दहावीत न आलेला मुलगा अकरावीत येतो, पण तोवर त्याचं नाव आणि नंबर तुमच्याकडे शिल्लक असला पाहिजे.

आता आकडा. दोन वर्षांत ४२० चे २८८, म्हणजे सरासरी दरसाल १७ टक्के गळती. हाच वेग राहिला तर २०२९ मध्ये हाती १३५ मुलं उरतील. एवढ्या संख्येत मुलगे-मुली आणि हिंदी-इंग्रजी माध्यम असे चार भाग पाडले की एकेका भागात जेमतेम तीस-पस्तीस. पण संख्येपेक्षा मोठी भीती वेगळी आहे. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणारा, सकाळी न उठणारा, शाळेला दांड्या मारणारा मुलगाच आधी गळतो. वेळेवर झोपणारी शहाणी मुलं मागे उरतात. मग पाच वर्षांनी तुमचा अहवाल सांगणार, वयाबरोबर मुलांची झोप सुधारली! तेव्हा आधी पहिल्या फेरीची माहिती काढा आणि आलेले २८८ व न आलेले १३२ यांची तुलना करा : मोबाइलचे तास, झोपेचे तास, माध्यम, आईचं शिक्षण, मुलगा की मुलगी. एका दुपारचं काम आहे. कोणाला शोधायला जास्त जोर लावायचा ते त्यातून कळेल.

त्या १३२ जणांना तुम्ही ‘ड्रॉपआउट’ या एकाच खणात टाकलं आहे. तिथंच घोटाळा आहे. त्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असणार. काहींनी नकार दिला. काहींचा नंबरच बंद. काही गाव सोडून गेली. आणि बहुधा सर्वांत मोठा गट असेल तो ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्यांचा. ‘अभी टाइम नहीं है दीदी’ हे वाक्य आणि ‘मुझे नहीं करना’ हे वाक्य नोंदवहीत एकाच शब्दात उतरलं, की पहिला मुलगाही कायमचा गेला. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ असावी : तारीख, वेळ, कोणता नंबर, कोणी उचलला, नेमकं काय म्हणाले, पुढचा फोन कधी. ‘संपर्क झाला नाही’ हा शेरा चालणार नाही. फोन बंद होता, वाजून थांबला, चुकीचा लागला की आजीनं उचलला, या चार वेगळ्या बातम्या आहेत आणि चारहींवर पुढचं पाऊल वेगळं.

तिसरी फेरी का कोसळली हे तुमच्या पत्रातच आहे. २०२३ ला आठवीत असलेली मुलं २०२५-२६ ला दहावीत होती, आणि तुम्ही गेलात नोव्हेंबर ते जानेवारीत. अर्धवार्षिक परीक्षा, प्री-बोर्ड, प्रॅक्टिकल, आणि फेब्रुवारीत बोर्ड. त्या दिवसांत आईनं मुलाला लग्नालाही नेलं नसतं, तिथं तुमच्या प्रश्नावलीची काय कथा. निधीचा उशीर तुमच्या हातात नव्हता हे मान्य. पण याचा अर्थ असा की मुलं तुमच्यावर रुसलेली नाहीत. यातली बरीच परत येतील.

चौथी फेरी पुन्हा जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीला न्या. अकरावीचं वर्ष त्यातल्या त्यात मोकळं असतं, आणि पहिल्या दोन फेऱ्यांचाच ऋतू असल्यामुळे झोपेची तुलनाही धड होते. थंडीतली झोप आणि पावसाळ्यातली झोप एकाच आलेखात बसवणं तुम्हाला पुढं त्रास देईल. दोन फेऱ्यांमधलं अंतर यंदा सात-आठ महिन्यांचंच पडेल, त्याची विश्लेषणात नोंद करा. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. त्याआधी काम उरका, कारण गणपती आले की अनंत चतुर्दशीच्या झांक्यांपर्यंत, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांपर्यंत, संध्याकाळी कोणी घरी भेटत नाही. ‘सुटीत घेऊ’ या मोहात मे महिन्याकडेही जाऊ नका. सुटीतली झोप शाळेच्या दिवसांसारखी नसते, मुलं मामाकडे असतात, आणि सीबीएसईनं २०२६ पासून दहावीसाठी दोन परीक्षांची पद्धत आणल्यामुळे काहींसाठी मे मोकळाही राहिलेला नाही. सहावी फेरी, म्हणजे २०२८, बारावीनंतरची. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

आता मुळाशी येऊ. तुमचा अभ्यास मुलांपर्यंत दोन खुंट्यांवरून पोचतो : शाळा आणि आई. तेराव्या वर्षी दोन्ही भक्कम असतात. पंधराव्या वर्षी दोन्ही हलतात. मुख्याध्यापक बदलतात, शाळा बदलते, आणि आईनं ‘हो’ म्हटलं एवढंच मुलाला ‘नाही’ म्हणायला पुरतं. मुलाशी तुमचा स्वतंत्र धागा बांधलेला नसेल तर त्या वयात तुमच्याकडे काहीच उरत नाही.

शाळेवर सगळा भार टाकला की काय होतं याचं एक मोठं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. १९७० साली जन्मलेल्या हजारो मुलांचा तिथं आजवर पाठपुरावा चालू आहे. १९८६ मध्ये ती १६ वर्षांची झाली, माहिती शाळांमधून गोळा करायची ठरली, आणि नेमकं तेव्हाच शिक्षकांचं आंदोलन पेटलं. त्या फेरीची पुष्कळ माहिती मिळालीच नाही आणि ती भोकं संशोधक अजून बुजवत बसतात. याउलट पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या चमूनं सुरू केलेला मातांच्या पोषणाचा अभ्यास बघा. त्यातली बाळं सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली आणि बहुतांश मुलं टिकून राहिली. तिथला संबंध शाळेशी नव्हता, घराशी आणि माणसांशी होता.

तेव्हा संपर्काचा कागद नव्यानं बनवा. एक नंबर आणि एक पत्ता पुरत नाही. मुलाचा स्वतःचा नंबर असेल तर तो, आई-वडिलांचे वेगवेगळे नंबर, आणि शिवाय त्या घरात न राहणाऱ्या निदान तीन माणसांची नावं : मामा, मावशी, शेजारच्या काकू, ज्याच्याकडे त्यानं दुचाकी शिकली तो चुलतभाऊ. प्रश्न असा विचारा : ‘दोन वर्षांनी तुम्ही घर बदललं तर नवा पत्ता कोणाला नक्की माहीत असेल?’ मराठी घरात याचं उत्तर बहुधा आजोळ असतं, मग ते उज्जैनला असो, देवासला की पुण्याला. त्या माणसाला फोन करण्याची परवानगी मुलाकडून आणि पालकांकडून लेखी घ्या, आणि त्यांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवा : फक्त ‘शाळेच्या वेळचा आरोग्याचा एक उपक्रम आहे, त्यांचा नवा नंबर हवा होता’. विषय, निकाल, वजन, काहीही नाही. पत्त्यात घराची खूण लिहा. नव्या कॉलन्यांत प्लॉट नंबरवरून कोणी सापडत नाही, ‘टाकीसमोरच्या दवाखान्याच्या मागचं घर’ यावरून सापडतं. मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी घेऊन ठेवावा असा मोह होईल, घेऊ नका. संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीनं मंजूर केलेली नसेल अशी सरकारी ओळख साठवणं म्हणजे जोखीम फुकट अंगावर घेणं. त्या क्रमांकावरून कोणी तुम्हाला पत्ता सांगणारही नाही.

हा कागद वर्षातून एकदा भरून फाइलला लावला तर सहा महिन्यांत शिळा होतो. प्रीपेड सिम बदलत राहतात. दर चार महिन्यांनी एक छोटा संपर्क ठेवा : परीक्षा संपल्या का, नंबर हाच आहे ना, बस. ४२० मुलं, वर्षाला तीन वेळा, न लागलेले फोन धरून दर वेळी सरासरी दहा मिनिटं, असा हिशेब करा : २१० तास, म्हणजे आठ तासांचे सव्वीस दिवस. एका माणसाच्या वर्षभराच्या कामाचा दहावा भाग. फेरीच्या तोंडावर चार जण महिनाभर धावाधाव करतात त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. वाढदिवसाचा संदेशही यातच बसवा. ब्रिटनमधले जुने अभ्यास आपल्या सदस्यांना वर्षानुवर्षं वाढदिवसाची कार्डं पाठवत आले आहेत. तो नुसता गोडवा नव्हे, कार्ड परत आलं की पत्ता बदलला हे त्याच आठवड्यात कळतं.

फोन का उचलत नाहीत, याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. अनोळखी नंबर म्हणजे कर्ज, नाहीतर कोचिंगची जाहिरात. ‘हम फलाँ संस्था से बोल रहे हैं’ ही सुरुवात अगदी त्याच सुरात वाजते. दहा-वीस जणांनी ब्लॉक केलं की ट्रूकॉलरवर तुमचा नंबर लाल दिसायला लागतो, आणि मग संपलंच. म्हणून प्रकल्पाच्या नावावर एकच सिम घ्या. ते कर्मचाऱ्याच्या खिशातलं नसावं आणि २०२९ पर्यंत बदलू नये. भेटीच्या वेळीच मुलाच्या फोनमध्ये तो नंबर मुलाच्या हातानंच सेव्ह करवा. याला आणखी एक कारण आहे : व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचते. बाकीच्यांना तुम्ही पाठवत राहता आणि ‘मुलं उत्तर देत नाहीत’ म्हणता. ग्रुप मात्र कधीही करू नका. ग्रुप झाला की कोण कोण अभ्यासात आहे ते सगळ्यांना कळलं, आणि मुलींचे नंबर नको त्या हातात गेले. इन्स्टाग्रामचं हँडल मुलाच्या संमतीनं नोंदवून ठेवायला हरकत नाही, शेवटचा उपाय म्हणून. पण कर्मचाऱ्यानं स्वतःच्या खात्यावरून मुलांना फॉलो करणं बंद.

आधी संदेश, मग फोन. संदेशात झोप, वजन, मोबाइलचं व्यसन असे शब्द नकोत, कारण फोन घरात फिरतो. वेळ कोचिंगच्या बाहेरची : भंवरकुआँ किंवा गीताभवनकडे क्लासला जाणारी मुलं संध्याकाळी चार ते आठ सापडतच नाहीत. रात्री साडेआठ ते साडेनऊ, किंवा रविवारी पोहे-जिलेबी आटोपल्यावर दहा ते बारा. एका मुलासाठी सहा प्रयत्न, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वेळी. सोमवारी दुपारी सहा वेळा केलेला फोन हा एकच प्रयत्न.

भेटीत काय घडतं यावरही परत येणं ठरतं. इथं आम्हाला थोडं कडक बोलावं लागेल. शाळेच्या हॉलमध्ये रांग लावून वजन घेणं आणि टेबलावरच्या माणसाला आकडा ओरडून सांगणं, हे तुमच्याकडे होत असेल तर आजच थांबवा. पंधरा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर ‘६८’ ऐकू आलं की ती पुढच्या वर्षी त्या दिवशी ‘आजारी’ असते. तुम्ही तिला फोन करत राहाल आणि खरं कारण तुम्हाला कधीच कळणार नाही. पडदा लावा. वजनकाट्याचा आकडा फक्त मोजणाऱ्याला दिसावा आणि तो त्यानंच गुपचूप लिहावा. मुलीचं माप बाईनं घ्यावं. पाळीबद्दलचे प्रश्न असतील तर ते टॅबवर, मुलीच्या हातात, आई शेजारी न बसता.

मनगटावरचं झोप मोजणारं यंत्र तुम्ही देत असाल तर त्याचीही एक गंमत आहे. मुलं ते का टाळतात? शाळेत घड्याळ काढायला लावतात. टेस्ट सिरीजच्या हॉलमध्ये नेऊ देत नाहीत. आणि सर्वांत मोठी भीती : हरवलं तर पैसे कोण भरणार? शाळेसाठी एक पत्र द्या. घरासाठी एका ओळीचा कागद द्या : ‘यंत्र बिघडलं किंवा हरवलं तरी कुटुंबाकडून काहीही वसूल केलं जाणार नाही.’ सात दिवसांची झोपेची वही मुलं सातव्या दिवशी एका बैठकीत भरतात, गृहपाठ भरावा तशी. वही सकाळच्या दोन प्रश्नांवर आणा आणि ते फोनवर विचारा, म्हणजे उत्तर किती वाजता आलं तेही दिसतं.

प्रश्नावलीला किती वेळ लागतो ते पत्रात नाही. तासाच्या वर जात असेल तर कापा. एक उपाय हमखास उपयोगी पडतो : तीन मापांचा सहभाग आधीच मंजूर करून ठेवा. पूर्ण भेट, तासाभराची. फोनवरची छोटी फेरी, बारा मिनिटांची, त्यात दरवर्षी न बदलणारे दहा मुख्य प्रश्न. आणि नुसता नंबर-पत्ता ताजा करणं, दोन मिनिटांचं. ‘अभी टाइम नहीं’ म्हणणाऱ्याला दुसरं द्या, तेही नको असेल तर तिसरं. तिसऱ्या फेरीत हे असतं तर ‘कोचिंग आहे’वाल्या मुलांची निदान झोपेची वेळ तुमच्याकडे आली असती.

भाषेकडेही बघा. तुमची मुलं घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. पहिल्या फेरीत हिंदीत उत्तरं दिलेल्या मुलाला चौथ्या फेरीत ‘आता मोठा झाला’ म्हणून इंग्रजी कागद दिला, तर मोजपट्टीच बदलली. मुलानं निवडलेली भाषा नोंदवा आणि तीच चालवा. समजावून सांगताना मात्र ज्या भाषेत मूल मोकळं होतं ती बोला. मराठी मुलाशी मराठीत बोललं की दारात उभी असलेली आजीही तुमच्या बाजूला येते, हा इंदूरचा फायदा सोडू नका.

आता ५०० रुपये. पैशाचा उपयोग होत नाही असं आम्ही म्हणणार नाही, दीर्घकालीन अभ्यासांत मोबदला दिला की जास्त माणसं टिकतात. पण तुमच्या मुलांनी दिलेली कारणं पैशाची नाहीत, वेळेची, लाजेची आणि पत्ता हरवल्याची आहेत. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्कम इतकी मोठी नसावी की केवळ तिच्या मोहानं कोणी ‘हो’ म्हणेल. ती आधी एथिक्स कमिटीकडून मंजूर हवी, आणि मुलाच्या सहभागाबद्दल पालकांना प्रवासखर्च वगैरे सोडून मोबदला द्यायचा नाही. म्हणून आमचं मत : येण्या-जाण्याचं रिक्षाभाडं प्रत्यक्ष द्या, भेट लांबली तर गरम नाश्ता द्या, आणि वेळेबद्दल एक छोटी, सगळ्यांना सारखी भेट मुलाच्या हातात द्या, आईच्या नव्हे. मधेच उठून गेलेल्यालाही ती मिळाली पाहिजे. रुसलेल्यांना जास्त आणि नियमित येणाऱ्यांना कमी, असं कधीही करू नका, बातमी दोन दिवसांत शाळाभर होते. लकी ड्रॉही नको. आणि ती बाटली पुरे झाली हो. तीन वर्षांत तीन बाटल्या!

बाटलीपेक्षा मुलांना हवं असतं ते स्वतःबद्दलचं काहीतरी. उंची किती वाढली, हिमोग्लोबिन किती आलं, याचा छोटा अहवाल बंद पाकिटात, आठवड्याभरात द्या. १५ वर्षांवरच्या मुलींमध्ये १२ च्या खाली आणि मुलांमध्ये १३ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र. अशा मुलाला नुसतं पाकीट देऊन चालत नाही, त्याच दिवशी पालकांशी बोलून डॉक्टरकडे पाठवावं लागतं. झोप आणि मोबाइलचे आकडे मात्र अभ्यास संपेपर्यंत एकेकट्याला सांगू नका. सांगितले की मुलं वागणं बदलतात आणि तुम्ही मोजत होता तेच हलतं. त्याऐवजी सगळ्यांचं मिळून काय दिसलं त्याचं एक पान वर्षातून एकदा पाठवा.

मुलांची एक समितीही करा, आठ-दहा जणांची, वर्षातून दोन बैठका. ब्रिस्टलच्या ‘चिल्ड्रन ऑफ द नाइन्टीज’ या अभ्यासानं किशोरवयीन सदस्यांचं असं सल्लागार मंडळ चालवलं. मुख्याध्यापकांनी निवडलेले हुशार विद्यार्थी नकोत. मागच्या बाकावरचा, एक फेरी चुकवलेला मुलगा हवा. त्यांनी सुचवलेली एक तरी गोष्ट त्या वर्षी खरोखर बदला आणि बदलली असं कळवा, नाहीतर दुसऱ्या बैठकीला कोणी येणार नाही.

गुप्ततेबद्दल मुलाला एकट्याला, त्याच्या भाषेत सांगा की त्याची उत्तरं आई-बाबांना किंवा सरांना दाखवली जाणार नाहीत. पण त्याच श्वासात मर्यादाही सांगा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ती कळवणं बंधनकारक आहे, आणि जिवाला धोका दिसला तर तुम्ही गप्प बसू शकत नाही. हे आधी न सांगता नंतर केलं, तर ते मूल जातंच आणि त्याच्या मित्रांनाही घेऊन जातं. १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस आणि १०९८ ही मुलांसाठीची चाइल्डलाइन, हे दोन नंबर प्रत्येक पाकिटात ठेवा.

१२ ते १८ वयात मुलाची स्वतःची लेखी सहमती लागते आणि १८ पूर्ण झाल्यावर नव्यानं पूर्ण संमती. तुमची बहुतेक मुलं २०२८ च्या आसपास अठरा होतील, म्हणजे नेमकी बारावी संपवून पुण्याला, कोटाला किंवा बेंगळुरूला निघताना. आत्ताच जन्ममहिन्यानुसार यादी करा आणि अठरावा वाढदिवस यायच्या तीन महिने आधी बोलणं सुरू करा. पुढं संपर्क चालेल का, आधीची माहिती वापरू का, रक्ताचे नमुने ठेवू का, हे तिन्ही वेगळे प्रश्न आहेत, वेगळ्या चौकटींत विचारा. एकच ‘हो/नाही’ ठेवलं तर नमुन्यांना नकार देणारा पूर्णच निघून जातो.

गाव सोडून गेलेली म्हणजे गेलेली, असं धरू नका. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात १९७२-७३ साली जन्मलेली १,०३७ मुलं होती. ४५ व्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के आली, कारण परदेशातल्यांनाही अभ्यासाच्या खर्चानं परत आणलं गेलं. तुमच्याकडे विमानाचं भाडं नाही, पण पुण्याला गेलेला मुलगा दिवाळीत इंदूरला येतोच. त्याच्यासाठी भाऊबीजेनंतरचे चार दिवस केंद्र उघडं ठेवा. वजन-उंची तेव्हा घ्या, बाकीचं फोनवर, तो पुण्यात असतानाच, कारण सुटीतल्या झोपेचं सांगितलंच आहे.

कर्मचाऱ्यांचं थोडक्यात : अकरा महिन्यांचे करार असतील तर दर वर्षी ‘दीदी’ बदलते, आणि मूल संस्थेला ओळखत नाही, दीदीला ओळखतं. प्रत्येक मुलामागे दोन ओळखीचे चेहरे ठेवा आणि जाणाऱ्यानं येणाऱ्याची ओळख स्वतः करून द्यावी, महिनाभर दोघांचे पगार देऊन.

नकार देणाऱ्यांबद्दल नियम लिहून ठेवा. मुलाचा ‘नाही’ हा आईच्या ‘हो’च्या वर. मोघम नकार असेल तर दोन-तीन महिन्यांनी, दुसऱ्या व्यक्तीनं, एकदाच विचारायचं. पुन्हा नकार आला की थांबायचं. आई म्हणाली, ‘मी समजावते त्याला’, तर नम्रपणे म्हणा की तोच सांगेल तेव्हा येऊ. ओढून आणलेला मुलगा प्रश्नावलीत सगळीकडे मधला पर्याय भरतो, आणि ती माहिती नसलेली परवडली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या १३२ जणांपैकी स्पष्ट नकार दिलेले सोडून बाकीच्यांना, प्रकल्पाच्या एकाच नंबरवरून, रात्री साडेआठला, एकेकट्याला हे पाठवा. संदेश ज्याच्या त्याच्या भाषेत, खाली नाव त्यांना माहीत असलेल्या दीदीचं :

‘नमस्कार. मागच्या वर्षी आम्ही बोर्डाच्या ऐन तोंडावर आलो, ते चुकलंच. तुझं नाव आमच्या यादीत अजून आहे. या वेळी हवं तर फक्त बारा मिनिटं, फोनवर, तू सांगशील त्या दिवशी. नको असेल तर ‘नको’ एवढंच लिही, पुन्हा त्रास देणार नाही.’

उत्तर न देणाऱ्याला दहा दिवसांनी फोन. ‘नको’ लिहिणाऱ्याला ‘ठीक आहे, धन्यवाद’ एवढंच, आणि ते त्याच रात्री.